फाईल नेमकी कुणाची? उच्च शिक्षण खात्याचे विभाग आणि सातारा-सांगलीकरांचे नेहमीचे प्रश्न

सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी कारकून म्हणून लागलो आणि ओ. एस., म्हणजे कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरी संपली तरी फोन काही संपले नाहीत. कुणाचा पेन्शनचा प्रस्ताव अडकलेला असतो, कुणाच्या मुलीची शिष्यवृत्ती. मध्येच 'उच्च शिक्षणाची पुनर्रचना होणार म्हणे, मग आमचं काय?' असंही कुणीतरी विचारतं. तीच तीच उत्तरं तोंडी देऊन कंटाळलो, म्हणून एकदाची लिहून काढतो आहे.

'विभाग' म्हणजे नक्की काय? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

घोळाचं मूळ या शब्दातच आहे. मराठीत एकाच 'विभागा'वर आपण तीन ओझी लादली आहेत. मंत्रालयातलं खातं हा एक विभाग: 'उच्च व तंत्रशिक्षण विभाग'. चार-पाच जिल्ह्यांचा पट्टा हाही विभाग: 'कोल्हापूर विभाग', 'पुणे विभाग'. आणि कार्यालयाच्या आतली शाखा, जिला आम्ही नुसतं 'टेबल' म्हणतो, तीही विभागच: लेखा विभाग, आस्थापना विभाग. त्यामुळे 'नवीन विभाग होणार' अशी बातमी आली की आधी विचारा, तिघांतला कोणता? नवं खातं निघालं तर मंत्री आणि सचिव बदलतात. नवा प्रादेशिक विभाग झाला तर तुमच्या एसटीचा मार्ग बदलतो. टेबलं बदलली तर फक्त तुमच्या फाईलचा माणूस बदलतो. जिव्हारी लागतो तो बहुतेक वेळा हा तिसराच बदल, आणि त्याची बातमी कुठेच छापून येत नाही.

सातारा आणि सांगली कोणत्या विभागात येतात?

तुमचं काम काय आहे त्यावर अवलंबून आहे. चेष्टा करत नाही.

महसुली हिशेबाने दोन्ही जिल्हे पुणे विभागात. कला, वाणिज्य, विज्ञान, विधी, बी.एड. या महाविद्यालयांसाठी मात्र उच्च शिक्षणाचे विभागीय सहसंचालक कोल्हापूरला, राजाराम महाविद्यालयाच्या आवारात. कोल्हापूर, सांगली, सातारा असे तीन जिल्हे त्यांच्याकडे आहेत. त्यांच्या वरचं उच्च शिक्षण संचालनालय पुण्यात, मध्यवर्ती इमारतीत. इंजिनीअरिंग, पॉलिटेक्निक, फार्मसी, एमबीए असेल तर तंत्रशिक्षण संचालनालय. त्याचं मुख्यालय मुंबईत आणि आपल्यासाठीचं विभागीय कार्यालय पुण्यात. बारावीचं बोर्ड पुन्हा कोल्हापूर. शेतकी महाविद्यालय असेल तर राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ, आणि मेडिकल किंवा नर्सिंग असेल तर नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ.

म्हणजे कऱ्हाडच्या एखाद्या घरात थोरला शासकीय अभियांत्रिकीत, मधली बी.ए.ला आणि धाकटा अकरावीत असेल, तर वडिलांना पुण्याची आणि कोल्हापूरची, दोन्हीकडची वाट पाठ असायला हवी.

हे सगळं एकाच कार्यालयात का आणत नाहीत?

कारण विभागणीच्या दोन रीती आहेत आणि सरकार दोन्ही एकदम वापरतं. एक कामावरून: तंत्रशिक्षण वेगळं, चित्र-शिल्पासारखं कलाशिक्षण वेगळं, सर्वसाधारण उच्च शिक्षण वेगळं. दुसरी प्रदेशावरून: हे जिल्हे याच्याकडे, ते त्याच्याकडे. नुसत्या कामावरून वाटलं तर माहितगार माणूस मिळतो, पण तो दूर बसतो. नुसत्या प्रदेशावरून वाटलं तर माणूस जवळ येतो, पण इंजिनीअरिंगच्या मान्यतेपासून संस्कृतच्या प्राध्यापकाच्या वेतननिश्चितीपर्यंत सगळं त्यालाच ठाऊक असावं लागतं, आणि तसं ते कुणालाच ठाऊक नसतं.

आपल्याकडे कोल्हापूरची घडी त्यातल्या त्यात बरी बसली, याचं कारण साधं आहे. शिवाजी विद्यापीठाचं कार्यक्षेत्र आणि सहसंचालकांचं कार्यक्षेत्र एकच आहे, आणि दोन्ही कार्यालयं शेजारी शेजारी आहेत. १९६२ साली विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा सोलापूरही त्यात होतं. २००४ साली सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं, आणि आज तिथे सहसंचालकांचं कार्यालयही वेगळं आहे. विद्यापीठ आणि सहसंचालक एका गावात असले की सांगलीचा कारकून एका खेपेत संलग्नीकरणाचं पत्र देतो आणि पगार बिलातली त्रुटीही दुरुस्त करून येतो. ज्या पुनर्रचनेत हे दोघे वेगळ्या गावी जातील ती कागदावर कितीही देखणी दिसली तरी मी तिच्या विरोधात आहे.

साताऱ्याला कोल्हापूरपेक्षा पुणे सोयीचं नाही का?

शहरापुरतं बोलायचं तर पुणे काय, कोल्हापूर काय, दोन्हीकडे सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. खंडाळा-फलटणकरांना पुणे जवळ, कऱ्हाड-पाटणकरांना कोल्हापूर. सांगलीकरांना प्रश्नच नाही, कोल्हापूर तासा-दीड तासावर. खरी फरपट सांगली जिल्ह्यातल्याच जत-आटपाडीची आहे. जतहून निघालेला शिपाई कोल्हापुरात पोचेपर्यंत साहेब जेवायला गेलेले असतात.

सचिव, संचालक, सहसंचालक: कुणाकडे काय मागायचं?

मंत्रालयातला विभाग धोरण ठरवतो आणि शासन निर्णय, म्हणजे जीआर काढतो. संचालनालय त्याची अंमलबजावणी राज्यभर करवून घेतं. सहसंचालक कार्यालय रोजचं काम करतं: अनुदानित महाविद्यालयांची पगार बिलं, वेतननिश्चिती, सेवापुस्तक पडताळणी, पेन्शन प्रस्ताव, पदभरतीची ना-हरकत. सहसंचालकांच्या पातळीवर सुटणारं काम थेट मंत्रालयात नेलं, तर ते 'अहवाल सादर करावा' असा शेरा घेऊन खालीच परत येतं, आणि मधले दोन महिने गेलेले असतात.

आमच्या मुलाची अकरावीची अडचण कॉलेजच्या ऑफिसात सांगितली, तर 'हे आमच्याकडे नाही' म्हणाले. इमारत तर एकच आहे!

इमारत एक, प्राचार्यही बऱ्याचदा एकच, पण खाती दोन. अकरावी-बारावी म्हणजे कनिष्ठ महाविद्यालय, ते शालेय शिक्षण विभागाकडे. त्याचे शिक्षण उपसंचालक वेगळे. तेरावीपासून उच्च शिक्षण. आमच्या ऑफिसात कनिष्ठच्या शिक्षकांचा पगार 'शालार्थ' प्रणालीतून निघायचा आणि वरिष्ठच्या प्राध्यापकांचा 'सेवार्थ'मधून. एकाच स्टाफरूममध्ये चहा पिणाऱ्या दोघांचे पगार वेगवेगळ्या तारखांना व्हायचे आणि शिव्या मात्र एकाच कारकुनाला बसायच्या.

बीबीए-बीसीएचं एवढं काय झालं होतं?

अभ्यासक्रम एका विभागाच्या कुंपणातून दुसऱ्याच्या कुंपणात गेला की काय होतं, ते यात दिसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बीसीए, बीबीए हे अभ्यासक्रम गावोगावच्या कला-वाणिज्य महाविद्यालयांत वर्षानुवर्षं चालत होते. मान्यता विद्यापीठाची, प्रवेश कॉलेजच्या खिडकीवर. बारावीचा निकाल लागला की पोरं यायची, फॉर्म भरायची, झालं. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, हे अभ्यासक्रम आपल्या अखत्यारीत घेतले. त्यामागोमाग राज्यात त्यांच्यासाठी सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, आली आणि प्रवेश कॉलेजच्या खिडकीऐवजी राज्याच्या केंद्रीभूत फेरीतून होऊ लागले.

जी कॉलेजं जन्मभर कोल्हापूरच्या सहसंचालकांकडे पाहत आली, त्यांना एकाएकी तंत्रशिक्षणाचे निकष, त्यांची संकेतस्थळं, त्यांचे नमुने शिकायची वेळ आली. त्याहून मोठी अडचण पोरांची. खेड्यातल्या कितीतरी मुलांना सीईटी द्यायची असते हेच कळलं नाही. जागा रिकाम्या दिसू लागल्या, तेव्हा दुसऱ्यांदा सीईटी घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी तर अभ्यासक्रमाचं नावच बदललं आणि ते जुन्या कुंपणात ठेवलं. दर्जा सुधारावा म्हणून बदल करायला माझी हरकत नाही. पण सीमा हलवायची तर सीमेवरच्या माणसाला वर्षभर आधी सांगायला हवं. अर्ज भरायच्या दिवसांत सांगून काय उपयोग?

सीईटी सेल हा वेगळा विभाग कशाला काढला?

ही खरं तर झालेली पुनर्रचनाच आहे, फक्त तिला कुणी तसं म्हणत नाही. इंजिनीअरिंगच्या प्रवेश फेऱ्या पूर्वी तंत्रशिक्षण संचालनालय घ्यायचं. २०१५ च्या कायद्याने खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांच्या बाबतीत कामं फोडली: प्रवेश परीक्षा आणि फेऱ्यांसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजेच सीईटी सेल, झालेले प्रवेश नियमात आहेत का ते बघायला प्रवेश नियामक प्राधिकरण, आणि फी ठरवायला शुल्क नियामक प्राधिकरण. तत्त्व चांगलं आहे: परीक्षा घेणारा, तपासणारा आणि फी ठरवणारा एकच नसावा.

पालकाच्या बाजूने बघा, तर जास्त फीची तक्रार एकीकडे, फेरीतल्या चुकीची दुसरीकडे आणि कॉलेजच्या सोयींची तिसरीकडे. सांगलीतल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी फीची तक्रार सीईटी कक्षाला पाठवली होती. उत्तराची वाट बघता बघता मुलाचं पहिलं सेमिस्टर संपलं.

शिष्यवृत्ती कुठल्या विभागाची?

अर्ज एकाच ठिकाणी, शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर. पैसे मात्र वेगवेगळ्या विभागांचे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती उच्च शिक्षण किंवा तंत्रशिक्षण संचालनालयाची, अभ्यासक्रम ज्याचा असेल त्याची. अनुसूचित जातींची सामाजिक न्याय विभागाची, जमातींची आदिवासी विकासची, ओबीसी-भटक्या विमुक्तांची इतर मागास बहुजन कल्याणची. म्हणून 'शिष्यवृत्ती आली नाही' एवढंच सांगून कुणी काही करू शकत नाही. योजनेचं नाव बघा, आणि अर्ज कोणत्या लॉगिनला थांबलाय ते बघा. माझ्या अनुभवात निम्मे अर्ज खुद्द कॉलेजच्या लॉगिनलाच पडलेले असतात. कॉलेजात नोकरी केलेला माणूसच हे लिहितो आहे, तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नाही.

मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाच्या फीबद्दल फार जण विचारतात. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना केंद्रीभूत प्रवेशाने मिळालेल्या जागेसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

आयटीआय याच खात्यात का?

पूर्वी होते. आता कौशल्य विकास विभागाकडे.

आणि गावचं वाचनालय?

ते मात्र याच खात्यात! ग्रंथालय संचालनालय उच्च व तंत्रशिक्षण विभागाखाली येतं, कला संचालनालयही. वाईचं विश्वकोश मंडळ मात्र मराठी भाषा विभागाकडे. त्याची पत्रं इकडे पाठवू नका.

पुनर्रचना होते कशी? मंत्र्यांनी जाहीर केली की झाली का?

नाही. भाषणातून झालेली पुनर्रचना मी तरी पाहिलेली नाही. तिचा जीव 'आकृतिबंध' नावाच्या तक्त्यात असतो: कोणत्या कार्यालयात कोणत्या संवर्गाची किती पदं. संचालनालय सुधारित आकृतिबंधाचा प्रस्ताव करतं, विभाग तो तपासतो, वित्त विभाग खर्च बघतो, उच्चस्तरीय सचिव समितीपुढे तो जातो, आणि मग जीआर निघतो. नव्या विभागाला स्वतंत्र कायदेशीर अधिकार द्यायचे असतील तर कायदा लागतो, जसा २०१५ साली लागला.

म्हणून बातमी वाचल्यावर एकच बघा: पदं मंजूर झाली का? विभाग काढला आणि पदं नाही दिली, तर तो 'अतिरिक्त कार्यभारा'वर चालतो. म्हणजे पाटी नवी, साहेब जुनेच, आणि आठवड्यातले दोन दिवस.

आम्ही अनुदानित कॉलेजचे कर्मचारी. विभाग बदलला तर आमची बदली, ज्येष्ठता, पेन्शन यांचं काय?

तुम्ही संस्थेचे नोकर, पगार शासनाच्या अनुदानातून. खात्याचे टेबल बदलले म्हणून तुमची बदली होत नाही; ज्येष्ठतेची यादी तुमच्या संस्थेची असते. रयत शिक्षण संस्थेसारख्या मोठ्या संस्थेत बदली होते ती संस्थेच्या हुकमाने. धोका आहे तो अर्धवट कामांना. वेतननिश्चिती पडताळणीला गेली आहे, सेवापुस्तक तिकडेच आहे, आणि इकडे टेबलं बदलली, असं झालं की रडकथा सुरू.

दुसऱ्यांना नावं ठेवण्याआधी स्वतःची चूक सांगतो. ओ. एस. झालो तेव्हा उत्साहाच्या भरात मीच आमच्या ऑफिसची पुनर्रचना केली होती. तोवर प्रत्येक शाखेला एक कारकून असे: कला, वाणिज्य, विज्ञान. मी कामावरून वाटणी केली: प्रवेश, परीक्षा, आस्थापना, लेखा. भिंतीवर छापील तक्ता लावला. प्राचार्यांनी पाठ थोपटली. पाच महिन्यांनी आमचा एक शिपाई, निवृत्त झालेला, हातात पिशवी घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, माझा कागद कोल्हापूरला गेला का हो?" कागद कुठेच गेला नव्हता. विज्ञान शाखेच्या जुन्या कारकुनाच्या खणात होता. त्याला वाटलं, पेन्शन आता आस्थापनेचं काम. आस्थापनेवाल्याला वाटलं, जुनी प्रकरणं जुन्याच माणसाकडे. दोघांचंही बरोबर होतं, कारण मी तक्त्यात चालू प्रकरणांबद्दल एक ओळही लिहिली नव्हती.

प्रस्ताव मी स्वतः घेऊन गेलो. त्या पाच महिन्यांत त्या शिपायाने कुणाकुणाकडून हातउसने घेतले होते ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तेव्हापासून टेबल बदलताना आधी प्रलंबित प्रकरणांची हस्तांतर यादी, दोघांच्या सह्या, आणि मगच तक्ता.

पेन्शनचा प्रस्ताव नेमका कुठून कुठे जातो?

महाविद्यालयातून सहसंचालकांकडे, तिथून महालेखापाल, मुंबई. सेवापुस्तकातली प्रत्येक वेतननिश्चिती आधी पडताळलेली हवी. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी लागा कामाला.

फाईल किती दिवस अडवता येते?

२००५ चा बदल्यांचा आणि विलंब प्रतिबंधाचा कायदा आहे. लोक त्याला दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतात. त्यानुसार कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवावी लागत नसेल तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय, पाठवावी लागत असेल तर तीन महिन्यांत. विभागणीचा आणि उशिराचा संबंध कायद्यानेच कबूल केलाय: एक उंबरठा वाढला की मुदत दुप्पट. नवा विभाग सुचवणाऱ्यांनी हे कलम आधी वाचावं.

चुकीच्या कार्यालयात अर्ज दिला तर वाया जातो का?

साधा अर्ज बहुधा जातो. माहिती अधिकाराचा अर्ज जात नाही. त्या कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे, माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे वर्ग करायची जबाबदारी कार्यालयाचीच. 'आमच्याकडे नाही' म्हणून परत पाठवता येत नाही. माझं जुनं स्वप्न आहे की हेच कलम सगळ्या अर्जांना लागू व्हावं. मग विभाग चार करा नाहीतर चाळीस करा, पालकाला फरक पडणार नाही.

स्वायत्त महाविद्यालयं आणि साताऱ्याचं नवं विद्यापीठ कुठे बसतात?

स्वायत्त महाविद्यालय, उदाहरणार्थ सांगलीचं वालचंद, अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः बघतं, पदवी विद्यापीठाची. म्हणजे गुणपत्रिकेतली चूक कॉलेजातच सुटते, विद्यापीठात खेपा घालायच्या नाहीत.

साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे २०२१ सालचं समूह विद्यापीठ: छत्रपती शिवाजी महाविद्यालय, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय अशा रयतच्या तीन महाविद्यालयांचं मिळून. तिथले जुने माजी विद्यार्थी अजून गोंधळतात. साधी खूण: तुमच्या पदवीवर ज्या विद्यापीठाचं नाव आहे त्याच्याकडेच जा. २०१५ सालची पदवी शिवाजी विद्यापीठाची, तिची दुय्यम प्रत कोल्हापुरातच मिळणार.

इंजिनीअरिंग आणि फार्मसीची काही महाविद्यालयं लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला संलग्न आहेत, आणि डिप्लोमा तंत्रशिक्षण मंडळाचा असतो. प्रवेश घेण्याआधी विचारून घ्या.

तालुक्याला नवीन कॉलेज द्यायचं की नाही, हे कोणता विभाग ठरवतो?

२०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे विद्यापीठ पाच वर्षांचा बृहत आराखडा करतं. त्याला 'माहेड' नावाचा राज्य आयोग मान्यता देतो, ज्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. आराखड्यात तुमच्या गावाचा बिंदू, म्हणजे नव्या कॉलेजसाठी ठरवलेली जागा, असेल तरच संस्थेला अर्ज करता येतो. मग शासनाचं इरादापत्र, मग मान्यता. आमदारांच्या पत्राने बिंदू पडत नाही. पडतो असं समजणारे बरेच आहेत, आणि आराखडा होत असताना विद्यापीठाकडे सूचना पाठवणारे फार थोडे.

नव्या शैक्षणिक धोरणात यातलं काही बदलणार आहे का?

२०२० च्या धोरणात देशपातळीवर एका आयोगाखाली चार स्वतंत्र अंगं सुचवली आहेत: नियमन, मूल्यांकन, निधी आणि शैक्षणिक मानकं. पैसे देणारा आणि तपासणारा वेगळा, हाच विचार. सहसंचालकांच्या दारातली रांग त्याने कमी होईल असं मला काही वाटत नाही.

कोर्टात जायची वेळ आली तर मुंबईच का?

आता नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालंय, आणि सातारा-सांगली त्यात आहेत. महाविद्यालयीन कर्मचाऱ्याला संस्थेने काढून टाकलं असेल तर आधी विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण.

शेवटी, पत्र लिहायचं तर कसं लिहू म्हणजे योग्य टेबलावर जाईल?

विषयाच्या ओळीत सगळं आलं पाहिजे: अभ्यासक्रम, महाविद्यालय, योजनेचं किंवा कामाचं नाव, वर्ष. 'माझी अडचण सोडवणेबाबत' असा विषय लिहिलात तर ते पत्र बारनिशीच्या, म्हणजे आवक-जावकाच्या, कारकुनाच्या मर्जीवर. 'बी.एस्सी. भाग २, २०२४-२५, राजर्षी शाहू शिष्यवृत्ती, महाविद्यालय स्तरावरून अर्ज पुढे न पाठवल्याबाबत' असं लिहा, ते बरोबर ठिकाणी पडेल. सोबत आधीच्या पत्राचा आवक क्रमांक द्या. आणि पत्र दिलं की लगेच निघू नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि क्रमांक घेऊनच जिना उतरा.